दारावरची कॅनोपी करून घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भोसरीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये येणारं गिऱ्हाईक बहुतेकदा मोबाइलमध्ये एक फोटो घेऊन येतं. दुबईच्या नाहीतर सिंगापूरच्या एखाद्या हॉटेलचा. "सेम असं पाहिजे." करून देता येतं, त्यात काही नाही. पण त्या फोटोत दोन गोष्टी कधीच दिसत नाहीत: छत मागे कशाला धरलंय, आणि त्यावरचं पाणी जातंय कुठे. दुकानदार, डॉक्टर, हॉटेलवाले, कॉम्प्लेक्सच्या कमिटीचे लोक आम्हाला जे प्रश्न विचारतात, ते फिरून फिरून याच दोन गोष्टींपाशी येतात.

कॅनोपी, छज्जा, पोर्च, शेड हे सगळं एकच ना?

बोलण्यात एकच, कागदावर वेगळं. छज्जा इमारतीबरोबरच ओतलेला असतो, आरसीसीचा. पोर्चला स्वतःचे खांब असतात आणि गाडी त्याखाली थांबते. कॅनोपी म्हणजे नंतर बसवलेला सांगाडा, मागून इमारतीला धरलेला आणि पुढून मोकळा. शेड म्हणजे पत्रा, आणि महापालिकेच्या पथकाला शेड हा शब्द ऐकला की अतिक्रमण आठवतं. अर्जात शब्द नीट वापरा.

परवानगी लागते का? समोरच्याने तर न विचारताच बसवली.

समोरच्याला अजून नोटीस आलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मुंबई आणि आणखी काही क्षेत्रं सोडली तर राज्यात डिसेंबर २०२०पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली चालते, तिलाच सगळे यूडीसीपीआर म्हणतात. मुंबईला डीसीपीआर २०३४ आहे. इमारतीभोवती सोडलेल्या मोकळ्या जागेत, म्हणजे मार्जिनमध्ये, काय काय पुढे आलेलं चालतं ते या नियमावल्यांत दिलेलं आहे. मुख्य दारावरची, खांब नसलेली, बाजूंनी उघडी कॅनोपी ठरावीक मापात चालते. त्या मापाच्या बाहेर गेलात, मार्जिनमध्ये खांब रोवलेत किंवा बाजूंना काच लावून "छोटंसं वेटिंग" केलंत, की हिशोब बदलतो आणि ते बांधकाम धरलं जातं. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६च्या कलम ५३ची नोटीस अशाच कामांना येते. तुमच्या प्लॉटला, रस्त्याच्या रुंदीला आणि मंजूर नकाशाला नेमकं काय लागू होतं ते तुमच्या आर्किटेक्टकडून लेखी घ्या. फॅब्रिकेटरचं "चालतंय हो" हे उत्तर नव्हे. आमचंसुद्धा नाही.

फुटपाथवर डोकावणारी कॅनोपी आम्ही करत नाही. आपली हद्द संपते तिथे काम संपतं.

जागा भाड्याची असेल तर मालकाचं आणि कॉम्प्लेक्समध्ये असाल तर सोसायटीचं नाहरकत पत्र आधी घ्या. बाहेरची भिंत आणि बीम सगळ्यांचे असतात. एका कामात वर्कशॉपमध्ये सांगाडा तयार, पावडर कोटिंग झालेलं, आणि वरच्या मजल्यावरच्या सभासदांनी हरकत घेतली. तो सांगाडा चार महिने आमच्या शेडमध्ये उभा होता आणि आम्ही रोज त्याला वळसा घालून जात होतो.

कॅनोपीवर दुकानाचं नाव येणार असेल तर महापालिकेच्या आकाशचिन्ह विभागाचा, म्हणजे पाट्या-फलकांचं बघणाऱ्या विभागाचा, परवाना हा वेगळा विषय. शिवाय दुकाने व आस्थापना कायद्याच्या २०२२च्या दुरुस्तीनंतर दुकानाच्या पाटीवर देवनागरी मराठी सक्तीची आहे आणि मराठी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. अक्षरांची मापं सांगाड्याच्या ड्रॉइंगच्या वेळीच ठरवा. नंतर दुसरी ओळ घुसवायला पुढच्या पट्टीत जागा उरत नाही.

किती बाहेर काढावी आणि किती उंचावर?

फोटोवरून ठरवलेली गोष्ट सगळ्यात जास्त इथे फसते. लोकांना उंच हवी असते, कारण उंचीला रुबाब आहे. पण पाऊस सरळ पडत नाही. वाऱ्याने पाऊस ४५ अंशांत आला, तर छत जितकं बाहेर तितकाच आडोसा खाली मिळतो. पाच मीटर उंचीवर दीड मीटर बाहेर आलेली कॅनोपी म्हणजे पावसाळ्यात नुसती शोभा. दार उघडलं की पायपुसणं ओलं. आम्ही साधारणपणे उंचीच्या दोनतृतीयांश तरी बाहेर काढायला सांगतो. तेवढं नियमात बसत नसेल तर उंची कमी करा. तीन मीटरवर दोन मीटर बाहेर, हे जुळतं.

गाडी खाली थांबणार असेल तर टेम्पो ट्रॅव्हलर आणि तिच्यावरचं सामान धरून माप घ्या. अग्निशमन दलाची गाडी त्या वाटेने आत येणार असेल तर आम्ही साडेचार मीटरच्या खाली येत नाही, आणि हॉस्पिटल किंवा मॉल असेल तर अग्निशमन विभागाला नकाशा दाखवल्याशिवाय स्टील कापत नाही.

उन्हाचं गणित पावसापेक्षा वेगळं. पुणं साडेअठरा अक्षांशावर आहे, त्यामुळे मे महिन्यात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि छोटी कॅनोपीसुद्धा भरपूर सावली देते. पण दार पश्चिमेला असेल तर संध्याकाळी पंचाईत होते. सूर्य क्षितिजापासून ३० अंशांवर आला की दोन मीटर बाहेर आलेल्या कॅनोपीची सावली खाली जेमतेम १.१५ मीटर उतरते. तीन मीटरच्या दारात बाकीचं जवळपास दोन मीटर ऊन सरळ काउंटरवर. तिथे आणखी मोठी कॅनोपी करून पैसे घालवू नका. उभ्या पट्ट्या लावा, नाहीतर समोर झाड लावा.

आमची भिंत नऊ इंची आहे, मजबूत आहे. तिला धरता येईल ना?

नाही. विटेची भिंत दाबाला चांगली आणि ओढीला अगदी कच्ची, आणि कॅनोपी भिंतीला बाहेर ओढते. आम्हाला आरसीसीचा बीम किंवा कॉलम हवा. दाराच्या वर लिंटल असतो तो बीम नव्हे, त्याची खोली बहुतेकदा सहा इंच असते आणि तो त्याच्या वरच्या विटांसाठीच असतो.

नव्या इमारतींत एएसी ब्लॉकच्या भिंती असतात. हलका, पोकळसर ठोकळा. त्यात बोर्ड टांगायचा खिळा ठीक, कॅनोपी नाही. कोकणात आणि गोव्यात जांभ्याची भिंत भेटते. जांभा दिसायला दगड, पण अँकर बोल्ट त्यात पकड घेत नाही, भोवतालचा भुगा होतो. पेठेतल्या जुन्या वाड्यात काळा दगड आणि मधे चुना असतो. दगड उत्तम, पण बोल्ट नेमका सांध्यात गेला तर धरतो तो चुना. अशा ठिकाणी एकतर आरपार बोल्ट घेऊन आतून मोठी प्लेट लावायची, नाहीतर भिंतीचा नाद सोडून स्वतंत्र खांब उभे करायचे.

आरसीसी असला तरी आम्ही आधी हातोडीने ठोकून ऐकतो. खणखणीत आवाज आला तर पुढे जायचं. भदभद आवाज आला तर आत गंज चढून काँक्रीट सुटलंय, आधी त्याची दुरुस्ती. मग स्कॅनरने आतल्या सळया शोधायच्या, म्हणजे ड्रिल सळईवर जात नाही.

आणखी एक गोष्ट, आणि ही फार थोडे लोक विचारतात. मोठ्या ऑफिस इमारतींत पोस्ट टेन्शन स्लॅब आणि बीम असतात. त्यांच्या पोटात ताणलेल्या पोलादी केबल्स असतात. ड्रिल चुकून केबलवर गेलं तर ते कॅनोपीचं नुकसान राहत नाही, इमारतीचं होतं. मूळ स्ट्रक्चरल इंजिनिअरचा केबलचा नकाशा मिळेपर्यंत तिथे एकही भोक पाडायचं नाही.

समोर काचेची किंवा एसीपीची (ॲल्युमिनियमच्या पॅनेलची) दर्शनी भिंत असेल तर तो पॅनेल उतरवून मागच्या आरसीसीपर्यंत जावं लागतं. दर्शनी काचेच्या ॲल्युमिनियम सेक्शनला कॅनोपी धरायचा सल्ला कुणी दिला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

एवढीशी कॅनोपी, तिचं वजन ते किती असणार?

चला, मांडून बघू. चार मीटर रुंद, दोन मीटर बाहेर, म्हणजे आठ चौरस मीटर. लॅमिनेटेड काच धरली तर चौरस मीटरला साधारण ३२ किलो, म्हणजे २५६ किलो. स्टील तेवढंच धरा. झाले ५०० किलो. आता हे वजन भिंतीवर बसलेलं नाही, भिंतीपासून सरासरी एक मीटर लांब लटकलंय. मागच्या प्लेटवर वरच्या बोल्टपासून दाब घेणाऱ्या खालच्या टोकापर्यंत समजा २५ सेंटीमीटर अंतर आहे. तरफेच्या हिशोबाने वरच्या बोल्टांवर ओढ येते २००० किलो. पाचशे किलोच्या कॅनोपीची दोन टन ओढ. त्यात साफसफाईला चढणाऱ्या माणसांसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या भाग २ प्रमाणे चौरस मीटरला ७५ किलो धरा, आणखी ६०० किलो. ओढ साडेचार टनांच्या घरात जाते.

हीच कॅनोपी वरून तिरक्या दांड्यांनी धरली, दांडी भिंतीपासून १.६ मीटरवर आणि ४० अंशांत, तर त्याच ५०० किलोंसाठी भिंतीतून बाहेर येणारी ओढ चारशे किलोंच्या आसपास उतरते. दांड्या शोभेसाठी नसतात त्या अशा. अर्थात त्यांचा वरचा टोकाचा अँकरही आरसीसीतच हवा, आणि तिथे नेमकी पहिल्या मजल्याची खिडकी किंवा एसीचं आउटडोअर असतं. साइट बघताना आम्ही दारापेक्षा जास्त वेळ दाराच्या वर बघत उभे असतो ते यासाठी.

मग बारीक रॉडवर लटकलेली कॅनोपी करू. नाजूक दिसते.

दिसते खरी. पण रॉड फक्त ओढ घेतो. वारा खालून आला की कॅनोपी वर उचलली जाते, रॉड सैल पडतो, वाकतो, आणि वारा थांबला की छत धाडकन खाली बसतं. हे जुलैच्या एका संध्याकाळी शंभर वेळा होतं, आणि मग बोल्ट हलायला लागतात.

आयएस ८७५ भाग ३ मध्ये वाऱ्याचा मूळ वेग पुणे आणि नाशिकसाठी सेकंदाला ३९ मीटर, मुंबई आणि नागपूरसाठी ४४ मीटर दिला आहे. त्यावरून ढोबळ दाब काढला तर पुण्यात चौरस मीटरला सुमारे ९३ किलो, मुंबईत ११८ किलो. जागेप्रमाणे आणि आकाराप्रमाणे गुणक लागून हा आकडा बदलतो, ते गणित इंजिनिअरचं. पण अंदाज घ्या. आठ चौरस मीटरची पॉलिकार्बोनेटची हलकी कॅनोपी सांगाड्यासकट २०० किलोंची. तिला उचलणारा जोर ७०० किलोंच्या वर. हलकी कॅनोपी सुरक्षित, हा समज इथेच मोडतो. काचेची जड कॅनोपी तिच्या वजनाने खाली तरी राहते, हलकी उडते.

म्हणून रॉडऐवजी पाइप घ्या, जो ओढही घेतो आणि दाबही. ४८ मिमीचा गोल पाइप नीट रंगवला तर खालून काही वाईट दिसत नाही.

३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, त्यानंतर कोकणात फिरलो होतो. पत्रे उडणं अपेक्षितच होतं. लक्षात राहिली ती सांगाडे शाबूत आणि अँकर प्लास्टरचे गोळे घेऊन बाहेर आलेली छतं. बोल्ट लांबीला कमी होते, काँक्रीटपर्यंत पोचलेच नव्हते. १३ मे २०२४ला घाटकोपरचा जाहिरात फलक वादळी वाऱ्यात पडून १७ माणसं गेली, तेव्हापासून गिऱ्हाईक स्वतःहून स्टॅबिलिटी सर्टिफिकेट मागतं. मागायलाच हवं.

काच, पॉलिकार्बोनेट, एसीपी की पत्रा?

काच सगळ्यात देखणी आणि सगळ्यात कटकटीची. डोक्यावर काच असेल तर ती लॅमिनेटेडच हवी, म्हणजे दोन काचांमध्ये चिकट थर. सहा अधिक सहा मिमी आणि मधे १.५२ मिमीचा थर, हे आमचं नेहमीचं माप, पण दोन आधारांमधलं अंतर मोठं असेल तर हिशोब करून जाड करावं लागतं. काचेच्या कॅनोपीखाली सावली नसते, हेही लक्षात घ्या. मे महिन्यात सिक्युरिटीवाला तिथे उभा राहत नाही. ठिपक्यांची छपाई केलेली काच किंवा दुधी थर घेतला तर ऊन थोडं मरतं आणि वर साचलेली धूळही कमी दिसते.

पॉलिकार्बोनेट हलकं आणि न फुटणारं. भरीव सहा मिमीच्या शीटचं वजन चौरस मीटरला सात किलोंच्या आसपास. पण दोन चुका जवळजवळ प्रत्येक साइटवर दिसतात. अतिनील किरणांपासून वाचवणारा थर शीटच्या एका बाजूला असतो, फिल्मवर तसं छापलेलं असतं. ती बाजू खाली गेली की दोन-तीन वर्षांत शीट पिवळी. दुसरी चूक भोकांची. पॉलिकार्बोनेट उन्हात बरंच वाढतं, सहा मीटरची शीट ३० अंशांच्या फरकाला सुमारे १२ मिमी, म्हणजे जवळजवळ अर्धा इंच. स्क्रूच्या मापाचंच भोक पाडलं तर शीट तिथून तडकते. दुपारी कॅनोपीतून कट-कट आवाज येत असेल तर तो हाच. पोकळ नळ्यांची मल्टिवॉल शीट असेल तर नळ्या उताराच्या दिशेनेच हव्यात आणि टोकं टेपने बंद, नाहीतर आत शेवाळ आणि मुंग्यांची वसाहत.

एसीपी म्हणजे मधे प्लॅस्टिक आणि दोन्हीकडे पातळ ॲल्युमिनियम. सफाईदार दिसतं, खालून लाइट लपवता येतात. पण ते आवरण आहे, छत नव्हे. वर पत्रा घालून पाणी तिथेच अडवायचं आणि एसीपी खालून-समोरून लावायचं. दारावर, म्हणजे सगळ्यांच्या सुटकेच्या वाटेवर, लावताय तर अग्निरोधक गाभ्याचंच घ्या. साधं एसीपी पेटतं.

पत्र्याला नाक मुरडू नका. जाड रंगीत पत्रा, खालून लाकडी पट्ट्यांसारखं ॲल्युमिनियम, नीट पन्हळ. दवाखान्यासाठी आणि बँकेसाठी मला हेच आवडतं. पावसाचा आवाज होतो, त्यावर पत्र्याखाली इन्सुलेशनची शीट घातली की झालं.

टफन काच पुरेशी नाही का? दुकानदार तर म्हणतो ती फुटत नाही.

फुटते. आणि कधीकधी कुणी हातही न लावता फुटते. काच बनताना आत निकेल सल्फाइडचा सूक्ष्म कण राहिला तर तो पुढे कधीतरी फुगतो आणि अख्खी काच एका क्षणात चुरा होते. तुकडे लहान असतात हे खरं, पण ते एकमेकांत अडकून ढेकळासारखे पडतात. लॅमिनेटेड असेल तर फुटलेली काच वरच राहते. टफन करून मग लॅमिनेट केलेली घ्या, आणि टफन काचेला हीट सोक चाचणी करून मागा. या चाचणीत कच्ची काच भट्टीतच फुटते, तुमच्या गिऱ्हाइकाच्या डोक्यावर नाही.

पाणी कुठे काढायचं? पुढून पडू दिलं तर?

जुन्या घरांच्या वळचणीतून पागोळ्या पडायच्या ते अंगणात. तुमच्या दाराशी माणसं ये-जा करतात. पुढच्या कडेने पाणी सोडलं तर आत येणाऱ्या प्रत्येकाला पाण्याचा पडदा ओलांडावा लागतो. उतार भिंतीकडे द्या आणि मागे पन्हळ घ्या, किंवा उतार पुढे ठेवून पुढच्या पट्टीत पन्हळ लपवा. दुसरा प्रकार मला जास्त आवडतो, कारण पन्हळ तुंबली तर पाणी बाहेर सांडतं, भिंतीत मुरत नाही.

पाणी किती, हे लोक छताच्या मापावरून काढतात आणि फसतात. पाच बाय दोन मीटरची कॅनोपी, तासाला १०० मिमीचा पाऊस, म्हणजे तासाला १००० लिटर. मिनिटाला १७ लिटर, किरकोळ. पण वर सहा मजल्यांची भिंत उभी आहे. वाऱ्याचा पाऊस त्या भिंतीवर आपटून खाली वाहत येतो तो थेट कॅनोपीवर. आम्ही वरच्या भिंतीचं निम्मं क्षेत्र पकडतो. १८ मीटर उंच आणि पाच मीटर रुंद भिंतीचं निम्मं म्हणजे ४५ चौरस मीटर. आता पाणी मिनिटाला १७ नाही, ९० लिटर. म्हणून १० चौरस मीटरच्या कॅनोपीलासुद्धा आम्ही चार इंची दोन पाइप देतो. एक गुलमोहराच्या पाल्याने तुंबला तर दुसरा असतो, आणि दोन्ही तुंबले तर पन्हळीच्या कडेला ओव्हरफ्लोची खाच ठेवतो. हा तासाला १०० मिमीचा हिशोबही अतिशयोक्तीचा नाही. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला होता.

उतार आमच्या भाषेत सुतात मोजतात, आठ सूत म्हणजे एक इंच. काचेला फुटाला किमान पाच सूत उतार द्या. सपाट काच ड्रॉइंगमध्ये छान, पण तिच्यावर चिखलाचे नकाशे उमटतात. पन्हळीला फुटाला एक सूत पुरतो. आणि पाइप खाली कुठे सोडणार ते आधी ठरवा. पायऱ्यांवर सोडलेल्या पाण्याने जूनमध्ये शेवाळ धरतं, जुलैत कुणीतरी घसरतं.

भिंतीच्या सांध्यातून गळतंय. सिलिकॉन दोनदा मारून झालं.

तिसऱ्यांदाही मारलंत तर तिसऱ्यांदा सुटेल. रंगवलेल्या प्लास्टरवर सिलिकॉन रंगाला चिकटतं, भिंतीला नाही. रंगाचा पापुद्रा सुटला की सगळं सुटतं. भिंतीत एक इंच खाच कापा, त्यात पत्र्याची वाकवलेली पट्टी घुसवा, ती पट्टी कॅनोपीवर सहा इंच तरी उतरू द्या, आणि मग खाचेत सीलंट भरा. पाणी अडवायचं काम पट्टीचं, सीलंट फक्त मदतीला. आणि एवढं करून गळत असेल तर पाणी कॅनोपीतून येतच नसेल, वरच्या खिडकीच्या कडेने भिंतीच्या आत उतरत असेल. अशा दोन साइटवर आम्हीच आधी उगाच शिव्या खाल्ल्या आहेत.

गंजणार नाही याची खात्री काय?

रंगाची खात्री कुणी देऊ नये. हॉट डिप गॅल्वनायझिंग हा खरा उपाय. सगळं वेल्डिंग आणि सगळी भोकं झाल्यावर अख्खा सांगाडा वितळलेल्या जस्तात बुडवायचा. पाच मिमीच्या वर जाड स्टीलला आयएस ४७५९ प्रमाणे चौरस मीटरला ६१० ग्रॅम जस्त बसतं, जाडीने ८५ मायक्रॉनच्या आसपास. पाइपना आधी हवेची भोकं ठेवावी लागतात, नाहीतर जस्ताच्या कढईत बंद पाइप फुटतो. कढईच्या लांबीपेक्षा मोठा तुकडा बुडत नाही, म्हणून सांगाडा बोल्टच्या जोडांनी करावा लागतो. हे सगळं ड्रॉइंगच्या वेळी ठरतं, नंतर नाही. साइटवर वेल्डिंग केलं की तिथलं जस्त जळतं. "साइटवर थोडं टॅक मारून घेऊ" म्हणणारा माणूस तुमची दहा वर्षं कमी करत असतो.

समुद्राजवळ, रत्नागिरी, मालवण, पणजीकडे, स्टेनलेस स्टील लावायचं तर ३१६ ग्रेडचं. ३०४ ग्रेडवर खाऱ्या हवेने चहाच्या डागांसारखे तपकिरी ठिपके येतात. ॲल्युमिनियम आणि स्टील जिथे भेटतात तिथे मधे नायलॉनचा वॉशर घाला.

बोल्ट केमिकलचेच का? साधे फास्टनर स्वस्त आहेत.

साधा फास्टनर काँक्रीटला आतून फाकवून धरतो. बीमच्या कडेजवळ त्याने तुकडा उडतो, आणि सतत हलणाऱ्या ओढीत तो हळूहळू सैल पडतो. केमिकल अँकर चिकटून धरतो. पण भोकातली धूळ काढली नाही तर तो धुळीला चिकटतो. फुंकणी, ब्रश, पुन्हा फुंकणी, हे बघायला स्वतः उभे राहा. केमिकल भरल्यावर ते वाळायला लागणारा वेळ डब्यावर तापमानाप्रमाणे लिहिलेला असतो. तो होण्याआधी नट आवळणारा कारागीर घाईत असतो, दुष्ट नसतो, पण परिणाम तोच. मोठ्या कामात एक-दोन बोल्टवर ओढून बघायची चाचणी लावून घ्या.

कुणी वर चढलं तर?

चढणारच. एसीवाला चढतो, केबलवाला चढतो. लक्ष्मी रोडवर किंवा मिरवणुकीच्या कुठल्याही रस्त्यावर दुकान असेल तर विसर्जनाच्या रात्री पोरं चढतात, आणि ती सफाईवाल्यासारखी एकेकटी चढत नाहीत. अशा जागी आम्ही चौरस मीटरला ७५ऐवजी १५० किलोंचा भार धरतो. खर्च थोडा वाढतो. कमिटीला तो पटवायला दरवर्षी तेवढाच वेळ लागतो.

खाली बेसमेंट आहे, तरी खांब रोवता येतील का?

पाया घेता येत नाही, कारण खाली माती नाही, पार्किंगची स्लॅब आहे. खांब स्लॅबवर बसवायचा तर खालच्या कॉलमच्या नेमका वर आणि वॉटरप्रूफिंग फोडल्यावर ते पुन्हा करून देण्याची जबाबदारी कुणाची हे कोटेशनमध्ये लिहून. नाहीतर पुढच्या पावसात कुणाच्या तरी गाडीवर चुन्याचे ओघळ येतात.

लाइट, पंखा, कॅमेरा नंतर लावता येईल ना?

लावता येईल, पण वायर मग बाहेरून दिसेल. पाइप आधीच सोडून ठेवा. लाइट आयपी ६५ दर्जाचे, म्हणजे धूळ-पाणी आत न जाणारे, त्यांचा ड्रायव्हर (लाइटला वीज देणारा डबा) कॅनोपीत न कोंबता आत दुकानात, आणि सांगाड्याला अर्थिंग. समोरून ११ केव्हीची तार जात असेल तर तिच्यापासून आडवं अंतर किमान १.२ मीटर राहायलाच हवं. बसवताना हातातला सहा मीटरचा पाइप कुठवर फिरतो तेही मोजा.

किती दिवस लागतात? दुकान बंद ठेवावं लागेल?

माप, ड्रॉइंग आणि इंजिनिअरची तपासणी यात दहा-बारा दिवस. वर्कशॉपमध्ये दोन-तीन आठवडे, त्यात गॅल्वनायझिंग आणि पावडर कोटिंगच्या रांगेत अडकलेले दिवस आले. साइटवर मात्र दोन रात्री. पहिल्या रात्री अँकर, दुसऱ्या रात्री परांची किंवा हायड्रा क्रेन लावून सांगाडा आणि छत. दिवसा दार चालू राहतं, फक्त ड्रिलिंगची धूळ आत जाऊ नये म्हणून ताडपत्री बांधतो. परवानगीचे दिवस यात धरलेले नाहीत, ते आमच्या हातात नाहीत.

काम जानेवारी ते एप्रिलमध्ये उरका. मेच्या शेवटी सगळ्यांना एकदम आठवण येते.

चौरस फुटाचा दर सांगा.

सांगणार नाही, आणि जो फोनवर सांगतो त्याच्याकडे जपून जा. दोन बाय दोन मीटरच्या कॅनोपीला आणि सहा बाय दोनच्या कॅनोपीला मापं घेणं, ड्रॉइंग, अँकर, रात्रीची क्रेन हा खर्च जवळजवळ सारखाच येतो. त्यामुळे छोटी कॅनोपी चौरस फुटाला नेहमी महाग पडते. त्याऐवजी कोटेशनमध्ये किती किलो स्टील, कोणत्या सेक्शनचं आणि किती जाडीचं, गॅल्वनायझिंग आहे की नुसता प्रायमर, काचेचं पूर्ण वर्णन, अँकरचा व्यास आणि खोली, पन्हळ आणि पाइप धरलेत की नाही, हे बघा. दोन कोटेशनमध्ये तीस टक्क्यांचा फरक असेल तर तो जवळपास नेहमी याच ओळींत लपलेला असतो. जीएसटी १८ टक्के वेगळा. त्याचं क्रेडिट मिळतं का ते सीएला विचारा, इथे मतभेद होतात.

देखभाल काय?

मेच्या शेवटी पन्हळ साफ, पहिल्या मोठ्या पावसानंतर पुन्हा एकदा. वर्षातून एकदा बोल्टवर नजर, नट फिरलाय का ते कळावं म्हणून आम्ही त्यावर रंगाची रेघ मारून देतो. रेघ तुटलेली दिसली की फोन करा. काच साध्या पाण्याने आणि मऊ वायपरने पुसा. पॉलिकार्बोनेटला थिनर लावू नका, शीट दुधी पडते.

जुनी कॅनोपी काढून त्याच भोकांत नवी बसेल का?

जुनी काढून देतो, भंगार तुमचं. पण तीच भोकं वापरत नाही. जुन्या भोकाभोवतीचं काँक्रीट एकदा ताण खाऊन बसलेलं असतं, नवा अँकर त्यापासून पुरेशा अंतरावर घ्यावा लागतो. जुनी भोकं ग्राउटने (भोकं भरायच्या पातळ मसाल्याने) भरून घ्या, आणि ते नवी कॅनोपी चढायच्या आधी, कारण नंतर तिथे ग्राउटचं पिस्तूल शिरत नाही.